राळ्यांची वाट

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सहादेव उभा जन्म बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारत आला. खूर हातात घेतला की खिळा कुठून गेला तर बैलाला कळणार नाही, हे त्याची बोटंच सांगत. पण घराकडे आणखी एक काम वडिलांपासून चालत आलेलं होतं. गावात एखादी बाळंतीण दगावली की सहादेवाला बोलावणं येई. तिच्या उंबऱ्यात तो लोखंडी खिळा ठोकी आणि मसणवटीपासून वेशीपर्यंत राळे सांडत, मागे न बघता परते. अशी बाई हडळ होऊन येते, दुसऱ्या बाळंतिणींचं रक्त पिते, असं गाव मानायचं. वाटेत धान्य सांडलेलं असलं की मात्र दाणा न् दाणा मोजून वेचल्याशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येत नाही. राळ्याचे दाणे मोहरीएवढे बारीक. वेचता वेचता उजाडतं.

हे खरं का, असं सहादेवाने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पत्री मारणारा बैलाला कुठे विचारतो, तू कुठे चाललास म्हणून.

त्याची लेक ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवसभर मोबाईलवर काहीबाही वाचायची. एकदा ओट्यावर पाय पसरून म्हणाली, "आप्पा, तुमच्यासारखी मानसं परदेशातबी हुती. रक्त पिणारं मढं उठू नये म्हनून त्याच्या छातीत लाकडाची मेख ठोकायची. अन् थडग्यात खसखस टाकायची."

"खसखस? लई पैसंवालं गाव दिसतंय."

ती पोट धरून हसली. "तिकडची भुतंबी मोजतच बसायची म्हनं. माझ्या वाटंला नका टाकू बरं का राळे. मी गनितात दोनदा नापास."

"तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाई?" आतून तिची आई बनुबाई म्हणाली.

नगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. ज्ञानेश्वरीचं रक्त थांबलं नाही.

सासर लांब, म्हणून अग्नी माहेरीच दिला. राख निवली नव्हती तोच शेजारची छबूबाई दारात आली. तिची सून भरल्या दिवसांची होती. छबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"दादा, कसं बोलावं. माझ्या नणंदंच्या वाटंला तुमीच टाकलं हुतं. तवा मी तुमाला अडवलं न्हाई."

"व्हय."

"सून कालधरनं जेवली न्हाई वो."

जावई अमृत सुप्याला एका कारखान्यात कामाला होता. तो कोपऱ्यातून म्हणाला, "मामा, असलं काही करू नका. ती माणूस होती."

"ज्यांच्या वाटंला टाकलं, त्याबी मानसंच हुत्या," सहादेव म्हणाला, आणि आपण नेमके कुणाच्या बाजूने बोललो हे त्यालाच उमगेना.

हातोडी घेऊन तो आपल्याच उंबऱ्याशी बसला. लाकडावरून बोटं फिरवत राहिला. न दुखणारी जागा सापडेना. आत पोर रडत होती. समजा आलीच ज्ञानेश्वरी, तर कशाला येईल? जिचं सगळं रक्त वाहून गेलं तिला तहान तर लागणारच. का लेकरू रडतंय म्हणून येईल? आणि मेलेलं माणूस येतच नसेल, तर हा खिळा कुणासाठी? एक विचार धरावा तर दुसरा हातून सुटत होता. शेवटी डोळे मिटून त्याने घाव घातला. मग मसणवटीत जाऊन राळ्यांची पिशवी सोडली आणि वेशीपर्यंत सांडत आला. मागे बघितलं नाही. छबूबाईच्या सुनेने त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली.

सकाळी बनुबाई त्याला शोधत वेशीबाहेर गेली. मसणवटीच्या अंगाला तो वाटेवर उकिडवा बसून दाणे वेचत होता आणि धोतराच्या सोग्यात टाकत होता.

"आवो, हे काय मांडलंय? छबूबाईनं बघितलं म्हंजी?"

"येशीजवळचं न्हाई उचलत. इकडचं तेवढं कमी करतो. तिला गनित येत न्हाई."

"मंग तिला येऊ द्यायची हाय का अडवायची हाय?"

सहादेवाने तळहातावरच्या दाण्यांकडे पाहिलं. "तेच मला कळंना बग."

बनुबाईने एकदा गावाकडे वळून बघितलं. मग पदर खोचून त्याच्या शेजारी बसली. राळा कुठला आणि खडा कुठला, हे तिला आता चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. ती दोन्ही उचलत राहिली.