देवापुढे न ठेवलेले बूट

इथे आपले अनुभव लिहिताना बहुतेक जण "माझा आधी भुताखेतांवर विश्वास नव्हता" असं म्हणून सुरुवात करतात. माझा अजूनही नाही. मी बऱ्हाणपूरच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. अंगात येणं, दृष्ट लागणं, मांजर आडवं जाणं, सगळ्यावर वर्गात बोलून झालंय. आणि बऱ्हाणपूर म्हटलं की तुम्ही लगेच असीरगड किल्ला आणि तिथे भटकणारा अश्वत्थामा म्हणणार... तर ती ही गोष्ट नाही. असीरगड यात येतो, पण अश्वत्थाम्याचा काही संबंध नाही. ही माझ्या सवतीची गोष्ट आहे, आणि बुटांच्या दोन जोड्यांची.

सवत या जगात नाही. रोहिणी, म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रशांतची, पहिली बायको. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. काही वर्षांनी मी या घरात आले. आमच्याकडे रीत अशी, की दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला मान द्यायचा. सासूबाईंनी देवघरात तिचा चांदीचा टाक बसवलाय. बोटाच्या पेराएवढा, त्यावर एक बाई उमटवलेली. मला नवीन साडी आली की ती आधी त्या टाकापुढे ठेवायची, पदराला हळदकुंकवाचं बोट लावायचं, आणि मग मी नेसायची. "आधी तिले दाखव, मंग तू नेस," हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. म्हणजे माझ्या अंगावर आलेला प्रत्येक नवा कपडा आधी तिचा होऊन मग माझा झालाय. लग्नातला शालूसुद्धा.

का सहन केलं विचाराल तर... मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हो. जिवंत सवत असती तर चार शब्द सुनावले असते. ही फोटोत नुसती हसत असते. कधी म्हातारी होत नाही, कधी तिचं वरण करपत नाही.

तर, मागच्या हिवाळ्यात प्रशांतने काढलं, की उत्तराखंडात जाऊ, चार दिवसांचा ट्रेक, पाठीवर सॅक घेऊन. नवशिक्यांसाठीच असतो, कुणीही करू शकतं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. जैनाबादची आमची केळीची बाग, कापूस, सासूबाईंचे गुडघे, यातून सवड कुठे मिळते?

तो आनंद माळ्यावरची पेटी खाली येईपर्यंत टिकला.

पेटीत रोहिणीचं सामान होतं. निळी सॅक, पावसाळी जॅकेट, बूट. असाच ट्रेक त्या दोघांनी ठरवला होता, सगळी खरेदी तिने केली, आणि निघायच्या आधीच ती गेली. बुटांना लावलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा कापलेली नव्हती. प्रशांतने ते बूट हातात घेतले, जरा वेळ तसेच धरले आणि म्हणाला, "कोरं आहे सगळं. घाल ना यार, नवीन कशाला घ्यायचं?"

"माझा पाय मोठा आहे," मी म्हणाले.

नंबर एकच होता. मी पाहून घेतलं होतं.

मग इंदूरला गेलो खरेदीला. तिथे मला कळलं की ट्रेकची खरेदी म्हणजे रोहिणीचं कीर्तन ऐकणं. सॅक उचलली तर, "खांद्यावर नको पेलू, कमरेचा पट्टा आवळ. वजन कमरेवर बसलं पाहिजे. रोहिणी बरोबर सांगायची." जॅकेट बघितलं तर, "एक जाड नको, पातळ-पातळ तीन थर. गरम झालं की एक काढायचा. तिचं वाचन फार होतं यावर." जीन्सला हात लावला तर, "बिलकुल नाही. भिजली की दिवसभर वाळत नाही." हे कोण म्हणायचं, ते मी विचारलं नाही. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभर चालून पाय जरा फुगलेले असतात. जाड मोजे घालून बघायचे. अर्धा नंबर मोठा घ्यायचा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटतात. सगळं बरोबरच होतं, तेच तर दुखणं. एखादी तरी गोष्ट तिने चुकीची सांगायला हवी होती.

मी माझ्या पसंतीने तपकिरी बूट घेतले. दुकानातल्या लाकडी उतारावर वर-खाली चालून पाहिलं. आतला कागदाचा बोळा मी स्वतः काढला, आत हात घालून शेवटपर्यंत चाचपलं. नवे कोरे होते, हे लक्षात ठेवा.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकेक कपडा चिमटीत धरून पाहिला. "हे काय व माय? पिलाश्टिक घालून हिंडशीन का तू?"

"आई, सुती चालत नाही तिथे. घाम धरून ठेवतं, मग थंडी वाजते."

"आपल्या वावरात कापूस पिकते, अन् आपल्याच सुनेले कापूस चालत नाही. ऐकून ठेवा लोकहो." ऐकायला घरात आम्ही तिघंच होतो. पण एवढं बोलून झाल्यावर त्यांनी सॅक, जॅकेट, टी-शर्ट, थर्मल, स्लीपिंग बॅग, सगळा ढीग देवघरात नेला आणि टाकापुढे मांडला. एकेकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. मी दारात उभी राहून बघत होते. बुटांच्या खोक्याकडे त्यांचा हात गेला आणि थांबला.

"बूट कुठी देवापुढे ठेवतेत? राहू दे ते."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. या घरात पहिल्यांदा एक गोष्ट तिला न दाखवता माझी झाली होती. त्या दिवशी मी फोटोकडे बघून चक्क हसले.

शाळेच्या परीक्षांमुळे काही दिवस बूट खोक्यातच राहिले. मग एका रविवारी सकाळी ओट्यावर बसून ते काढले. नवे बूट घालून आधी रोज थोडं चालावं लागतं, नाहीतर डोंगरावर पाय सोलून निघतात. लेस सैल केली, आतली गादी नीट बसलीय का म्हणून बाहेर काढली... आणि बघतच राहिले. गादीवर पावलाचा ठसा होता. महिनोन्महिने वापरलेल्या चपलेत उमटतो तसा काळपट, टाचेला खोल. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या चांगलंच पुढे गेलेलं. माझं ते बोट आखूड आहे.

पहिला राग दुकानदारावर आला. वापरलेला बूट गळ्यात मारला की काय? पण मीच तर चाचपून घेतला होता.

सासूबाई शेजारी वाल सोलत होत्या. त्यांनी नुसती मान वळवून गादीकडे पाहिलं. "हा तं रोहिणीचा पाय," म्हणाल्या, जसं कुणाचा तरी रुमाल ओळखावा. "शेजारचं बोट मोठं असलं की बाई नवऱ्यावर राज करते म्हणतेत. मी चिडवायची ना तिले."

विज्ञानाची बाई म्हणून मी प्रयोग केला. इतवारा बाजारातून नवीन गादी आणली, स्वतः कात्रीने मापात कापली, बुटात घातली. शनिवारी बूट शाळेत नेले आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवले. किल्ली माझ्या पर्समध्ये. सोमवारी शिपाई, मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या देखत कपाट उघडलं. गादीवर तोच ठसा. तेच लांब बोट.

प्रशांतला मी सांगितलं नाही. तो घाबरेल म्हणून नव्हे. त्याला आनंद होईल म्हणून.

पुढच्या रविवारी सरावासाठी असीरगडावर गेलो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि घरची केळी भरून वजन केलं होतं. माझ्यासारखी, शाळेचा जिना चढून धापा टाकणारी बाई... त्या दिवशी मी पायऱ्या अशा चढले की प्रशांत मागे राहिला. दम नाही, कुठे काही टोचणं नाही. पाय कुठे टाकायचा हे मला ठरवावंच लागत नव्हतं. उतरताना मी पावलं आडवी टाकत होते, तेसुद्धा माझ्या नंतर लक्षात आलं.

"हे कुठे शिकलीस?" मागून प्रशांतचा आवाज आला. "उतरताना पाय आडवे टाकायचं?"

"कुठेच नाही."

"रोहिणी अशीच उतरायची इथून." मी वळून पाहिलं. तो माझ्या पायांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नात पाहिलं नाही, नंतरही नाही. बायकांना हे कळतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी तिथेच दगडावर बसले आणि बूट काढले.

"काय झालं?"

"चावतात."

जन्मात इतके मऊ बूट मी घातले नव्हते. लेसने ते सॅकला टांगले आणि नुसत्या मोज्यांवर गड उतरले. खडे टोचत होते, एका ठिकाणी काटा मोडला. तो "अरे पागल झालीस का, घाल ते" म्हणत राहिला. मी ऐकलं नाही. जी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांपुढे माझ्या पायांनी मिरवत होती, तिला मी आणखी एक पाऊलही चालू देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रशांत वावरात गेल्यावर मी सासूबाईंकडून पेटीची किल्ली घेतली आणि पेटी खाली काढली. रोहिणीचे कोरे बूट घेऊन देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तोंड रस्त्याच्या दिशेने करून. टाकाला म्हटलं, "हे तुझे. यात चाल, कुठेही जा. माझे बूट सोड."

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी "देवा, माफ कर" म्हणत कुंकवाची वाटी आणली आणि त्या बुटांच्या चिठ्ठीला बोट लावलं. "लई हौस होती व तिले," एवढंच म्हणाल्या. बूट पुन्हा पेटीत गेले, पेटी माळ्यावर, किल्ली त्यांच्या कमरेला.

मी माझ्या बुटात तिसरी गादी घातली. ती कोरी राहिली. आणि त्याच दिवसापासून माझे बूट चावायला लागले. टाचेला फोड, करंगळीला फोड. जैनाबादच्या बांधावरून लंगडत चालताना मी मनातून खूश होते. ते फोड माझे होते.

ट्रेक झाला. आख्ख्या ग्रुपमध्ये मी शेवटची. चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडांतून वाट, वर बर्फ, आणि मी दर वळणावर बसलेली. प्रशांत माझ्याबरोबर मागे राहिला, माझी बाटली त्याने घेतली, मुक्कामाला माझ्या टाचेला पट्टी लावून दिली. चारही दिवस त्याने तिचं नाव काढलं नाही. मधूनच थांबून तो पुढच्या वळणाकडे बघत राहायचा. मला वाटायचं, किती चढ बाकी आहे ते माझ्यासाठी बघतोय. रात्री तंबूत मी त्याच्या शेजारी झोपले तेव्हा वाटलं, हे चार दिवस तरी कुणाच्या पुढे ठेवून मग मला मिळालेले नाहीत.

परत आल्यावर सामान ठेवायला जागा करावी म्हणून मी पेटी उघडली. किल्ली सासूबाईंनी कमरेची काढून दिली. प्रशांत आणि मी तर तिकडे होतो, आणि गुडघ्यांमुळे त्यांना शिडी चढता येत नाही. आमच्या सॅक अजून ओट्यावर बांधलेल्याच होत्या.

रोहिणीच्या बुटांची चिठ्ठी तशीच होती, कुंकवाच्या डागासकट. तळवे मात्र टाचेला झिजलेले. खाचांमध्ये सुकलेला लाल चिखल, आणि चिखलात चीडची दोन लांब, तपकिरी, सुईसारखी पानं. आमच्याकडे काळी माती आहे. चीडचं झाड बऱ्हाणपुरात तरी मी पाहिलेलं नाही. मी गादी बाहेर काढली. तोच ठसा, आता खोल बसलेला. फोडाचा, रक्ताचा कुठे डाग नाही.

भीती वाटली का? नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मी लंगडत, रडत जी वाट चालले ती हिने मजेत पार केली.

संध्याकाळी चहा देताना मी प्रशांतला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ट्रेकवर तुम्हाला कधी वाटलं का, आपल्या मागे कुणी चालतंय?"

"मागे?" तो हसला. "सगळ्यात मागे तर तूच होतीस." मग कपाकडे बघत म्हणाला, "मी पुढेच बघत होतो."



याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त उंदीर म्हणू नका. उंदीर तळवे झिजवत नाहीत. तिचे बूट मी धुऊन, वाळवून परत पेटीत ठेवलेत. का धुतले ते मलाही सांगता येणार नाही. दिवाळीनंतर प्रशांतला पुन्हा जायचंय, जरा मोठ्या ट्रेकला. या वेळी पेटीची किल्ली मी माझ्याबरोबर नेणार आहे. त्याने काही फरक पडेल असं मला वाटत नाही.