सांगा म्हणून शिकवलं

आमच्या घरात कुणाचं लग्न असलं की मला पाहुण्यांच्या स्वागताला उभं करत नाहीत. मी इतक्या चौकशा करते की मुलाकडची माणसं जेवणाआधीच दमतात, असं माझ्या नणंदेचं म्हणणं. त्यामुळे एका संस्थेने मला शाळांत जाऊन मुलांना प्रश्न विचारायचं काम दिलं, तेव्हा नवरा म्हणाला, "इतकी वर्षं हेच फुकट करत होतीस की."

काम असं होतं. नववी-दहावीच्या पोरापोरींची प्रेमप्रकरणं असतात, त्यात मारहाण, धमक्या, फोन तपासणं हेही असतं. ते थांबावं म्हणून संस्थेचे तरुण प्रशिक्षक शाळेत तास घ्यायचे. पेणला एक शाळा, रोह्याला एक. रोह्याच्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "फळ्यावर प्रेम लिहू नका, पालक येतात." म्हणून त्याला मैत्रीचा तास म्हणायचं ठरलं. तास सुरू होण्याआधी मी प्रश्नावली भरून घ्यायची, सगळे तास झाले की तीच पुन्हा, आणि मुलांत काही फरक पडला का ते अहवालात लिहायचं. मूल्यमापन, असा त्याला भारदस्त शब्द. मी तो माहेरी दोनदा वापरून पाहिला. भावाने विचारलं, "म्हणजे सोनाराचं काय?"

रोह्याच्या दहावीत पहिल्या फेरीला गेले तेव्हा प्रश्न वाचून दाखवत होते. मित्राने फोनचा पासवर्ड मागितला तर द्यावा का? एक मुलगा म्हणाला, "लपवायचं काय नसंल तर द्यावा की." मुली हसल्या. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली.

"मॅडम, तुम्ही काकांना देता काय?"

"काकांना त्यांचाच आठवत नाही गं. माझा दिला तर तोही विसरतील."

वर्ग खिदळला. माझ्या विनोदाला घरी कुणी हसत नाही, त्यामुळे ही मुलगी मला तिथल्या तिथे आवडली. जाताना तिनेच माझी पिशवी फाटकापर्यंत आणली. दहावी झाली की नर्सिंगला जायचंय म्हणाली. "इंजेक्शन द्यायला मजा येत असंल ना मॅडम?" मी माझा दंड आवरून धरला.

मग तास झाले. राग आणि हक्क यांतला फरक, नाही म्हणणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, त्रास झाला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणून घेत.

मी दुसऱ्या फेरीला गेले ती हिवाळ्यात. उत्तरं बघून थक्क झाले. पासवर्ड देऊ नये. संशय म्हणजे प्रेम नव्हे. त्रास झाला तर सांगू. सगळ्यांनी सांगू असंच लिहिलं होतं. प्रश्नावलीनंतर मुलींशी वेगळ्या गप्पा मारायच्या असायच्या. मी म्हटलं, "ती खिडकीजवळची कुठाय? आज मला टोमणा मारायला कुणी नाही."

मग एक म्हणाली, "ती मामाकडं गेली, खांबला."

"का?"

"तिनं सांगितलं ना."

दुसरीने पुरं केलं. शाळेतलाच, बारावीतला एक मुलगा तिच्यामागे होता. आधी तिलाही आवडायचा. मग तो रोज फोन बघायला लागला, एकदा एस.टी. स्टँडमागे तिचा हात पिरगळला, तुझे फोटो बाबांना पाठवीन म्हणाला. तिने शिकवलं होतं तसंच केलं, वर्गाच्या बाईंना सांगितलं. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी तिच्या वडलांना बोलावलं. वडील कंपनीच्या कपड्यांतच आले, हात जोडून म्हणाले, वेळेवर कळवलंत, उपकार झाले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत नव्हती. मुलाकडून माफीनामा लिहून घेतला. तो शाळेच्या कबड्डी संघात होता, अजूनही आहे.

"आता कोण नाय सांगणार, मॅडम," ती मुलगी म्हणाली. "पेपरात लिव्हलंय आम्ही सांगू म्हणून. ते बरोबर उत्तर हाय ना?"

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

संस्थेच्या कार्यालयात मी हे सांगितलं. तिथले साहेब सज्जन आहेत, चहा स्वतः ओततात. ते म्हणाले, दोन्ही वेळा प्रश्नावली भरलेलीच मुलं तुलनेत धरायची, ती मुलगी त्यात बसत नाही. आणि नंतर एकही तक्रार आली नाही, हे चांगलंच लक्षण नाही का? मी चार पानं लिहून भांडले. त्यातला एक परिच्छेद शेवटी, परिशिष्टात राहिला. परिशिष्ट मी स्वतःही कधी वाचलेलं नाही.

तिची बोर्डाची परीक्षा तरी बुडू नये, म्हणून मी तिच्या वडलांना गाठलं. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर भेटले. मी भाषण तयार करून गेले होते. त्यांनी ते सुरूच होऊ दिलं नाही.

"मी तिला हात लावला नाय, मॅडम. वावगं बोललो पण नाय. पण माझी रात्रपाळी असते, तिची आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतावर. तो पोरगा रोज रस्त्यात भेटणार. शाळा त्याला काढील काय?"

"नाही."

"मग एकानं तरी निघाया पायजे."

चहाचे पैसेही त्यांनीच दिले. मी परीक्षेचं विचारलं. "नाव हाय शाळेत. बघू," म्हणाले.

मग खांबला गेले. हातात पेणचे पापड, कारण रिकाम्या हाताने चौकशा केल्या तर लोक ओळखतात. ती ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसली होती. मामीने पाट दिला. "बस गो ताई. पोरगी गुणाची हाय. एक स्थळ पण आलंय, गडब गावचं. नुसतं बोलून ठेवायचं, लग्न अठरा पुरी झाल्यावर. आमी काय कायद्याबाहेर नाय." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

मी मुलीला म्हटलं, "परीक्षेला बसायचंय ना?"

"बसायचंय. पुस्तकं रोह्यालाच ऱ्हायली." तिच्या बोटांना वालाचा चिकटपणा होता, ती परकराला पुसत होती. मग म्हणाली, "मॅडम, मी कोणाला सांगायला पायजे होतं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच हवं होतं उत्तर. हा प्रश्न मी मुलांना किती वेळा विचारला असेल. माझ्याकडे छापील उत्तर होतं, ते मला देववेना. मी म्हटलं, "तू केलंस ते बरोबरच केलंस."

"व्हय, ते म्हायतीय," ती म्हणाली, आणि पुढचा वाल उचलला.

चहा पिताना मी मामीला सांगितलं, मी प्रत्येक पेपरला पेणहून येईन, हिला नेईन, सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसेन. मामी हसली. "तू कोन लागतेस तिची, ताई?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तिच्या बाबाला विचारते." त्यांनी नाही म्हटलं नाही. पुस्तकंही पोचवली. त्या आठवड्यात मी घरी इतकी खुशीत होते की नवऱ्याने विचारलं, परीक्षा तुझी आहे का.

पहिल्या पेपराच्या सकाळी मी खांबला उतरले. ओटीवर मामी एकटीच होती. काल रात्री गडबची माणसं येऊन गेली, म्हणाली. त्यांच्या कानावर काहीतरी गेलंय. पोरगी पुन्हा त्या शाळेत दिसली तर जमायचं नाय म्हणाले. "तिचा बाबा पहाटेच घेऊन गेला तिला, आत्याकडं." कुठल्या आत्याकडे, ते तिने सांगितलं नाही. मी, मीसुद्धा, विचारलं नाही.

तरी रोह्याच्या शाळेत गेले, परीक्षेचं केंद्र तिथेच होतं. फाटक बंद झालं होतं. वर्गाच्या बाई व्हरांड्यात होत्या, मला बघून बाहेर आल्या.

"नाही आली?"

"नाही."

त्यांनीच तिचं ऐकून घेतलं होतं, नियमाप्रमाणे वर कळवलं होतं, त्यात त्यांचं काय चुकलं ते मलाही सांगता आलं नसतं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "परवा नववीतली एक आली होती माझ्याकडे. रडत होती. मी म्हटलं, बाळा, सांगायच्या आधी नीट विचार कर."

"मग?"

"मग ती डोळे पुसून वर्गात गेली." त्यांनी फाटकाची कडी नीट केली. "अहवालात घालू नका हं हे."

मी म्हटलं, "अहवाल गेला, बाई. चांगला आलाय. पुढच्या वर्षी आणखी शाळा घेणारेत."