परीक्षेच्या सकाळी हात थांबला

मत्सर हा शब्द मी पोथ्यांमध्ये पुष्कळदा वाचला होता. तो आपल्याच ताटाशी येऊन बसतो, हे मात्र मला हॅम्बर्गला कळलं. भारतीय सैन्यात मी सोळा वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. पलटणीतले जवान मला ‘डॉक्टरसाब’ म्हणत. तंबूत, बर्फात, चालत्या गाडीत मी जखमा बांधल्या होत्या. निवृत्ती घेऊन बायकोच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे इथे आलो, तेव्हा वाटलं होतं की नर्सचा परवाना मागायचा अवकाश, लगेच मिळेल. कार्यालयातल्या बाईंनी माझी कागदपत्रं नीट पाहिली आणि सांगितलं, पूर्ण आउसबिल्डुंग, म्हणजे नर्सिंगचं सगळं शिक्षण, करा, पहिल्या दिवसापासून. चाळिशीला टेकलेला मी पोराटोरांच्या वर्गात जाऊन बसलो.

त्याच वर्गात मार्कुस होता. तोही सैन्यातून आलेला, जर्मन सैन्यात थोडी वर्षं माझ्यासारखंच काम केलेला. त्याची ती वर्षं धरली गेली आणि त्याचं शिक्षण वर्षाने कमी झालं. माझी सोळा वर्षं कुणी हिशेबातही घेतली नाहीत. मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं. पण तो मला नोट्स द्यायचा, माझं जर्मन हळूच सुधारायचा, आणि त्याने माझा जास्तच जळफळाट व्हायचा. घरी आलो की त्याच्याबद्दलच बोलायचो. बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, या घरात आता आपण तिघं राहतो हं. तुम्ही, मी आणि तो मार्कुस.” मला हसू आलं नाही.

तो पास होऊन वॉर्डात नर्स म्हणून रुजू झाला. वर्षाने माझी प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि मी नापास झालो. एका आजींना मी झटपट, स्वच्छ अंघोळ घातली होती, अंथरूण बदललं होतं, एक सुरकुती राहू दिली नव्हती. परीक्षक बाई म्हणाल्या, “सगळं तुम्हीच केलंत. त्यांना काय काय जमतं, ते तुम्ही विचारलंतही नाही.” इथे रुग्णाला जेवढं जमेल तेवढं त्याच्याकडून करवून घेणं हीच शुश्रूषा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला वेगळंच वळण लागलेलं. जखमी जवानाला मी कायम सांगत आलो होतो, हलू नकोस, मी आहे ना. आता एकच संधी उरली होती. ती गेली असती तर इथे नर्स होणं कायमचं संपलं असतं. आणि फेरपरीक्षा होती नेमकी मार्कुसच्या वॉर्डात.

त्या दिवसांत दत्त महाराजांच्या तसबिरीपुढे बसून मी जे मागत होतो, ते सांगायलाही लाज वाटते. स्वतःच्या यशासोबत मी मार्कुसची एकदा तरी फजिती मागत होतो. कळत होतं, तरी मागत होतो.

परीक्षेला गुरुवार आला. मला दिलेल्या रुग्णाला सकाळी ताप भरला, म्हणून ऐनवेळी पीटरसन नावाचे रुग्ण मिळाले. बंदरातल्या फेरीबोटीवर आयुष्य काढलेले आजोबा. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली आणि वाचाही गेलेली. अंग पुसायचं फडकं कुणी हातात दिलं की ते फेकून द्यायचे, हे साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं. माझं अवसानच गळालं. मनात म्हटलं, महाराज, माझ्याच्याने आता होत नाही, तुमचं तुम्ही बघा. कोमट पाणी घेतलं, फडकं पिळलं, आणि आजोबांना विचारायला गेलो तर एकही जर्मन शब्द आठवेना. मागे परीक्षक उभे. सवयीने हात त्यांच्या चेहऱ्याकडे निघाला आणि मध्येच थांबला. का थांबला, ते मला आजही सांगता येत नाही. मी नुसता फडकं धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आजोबांचा डावा हात उठला. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं आणि सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आपलं तोंड पुसलं. मग ते माझ्याकडे परत दिलं. माझे डोळे भरून आले. पुढचे शब्द आपोआप आठवत गेले.

बाहेर मार्कुस उभा होता. मी पास झाल्याचं ऐकून त्याने हात मिळवला, पण त्याचा चेहरा उतरला होता. “फार छान झालं,” तो म्हणाला. “पण मी तीन आठवडे रोज प्रयत्न करतोय. माझ्याकडून त्यांनी एकदाही घेतलं नाही.” ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती माझीच होती. मी मागितलेलं महाराजांनी दिलं होतं, आणि मला ते बघवेना.

“नेमकं काय केलंस तू?” त्याने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

मी लपवतोय असं त्याला वाटलं असावं. मी त्याला तसंच आत नेलं आणि आम्ही दोघे आजोबांच्या पलंगाशी काही न करता बसून राहिलो. दत्त महाराजांचे आभार मानायला मला त्या दिवशी त्याहून चांगली जागा सुचली नाही.