जिन्याखालचं छत

देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली, तेव्हा अण्णा जिनिंग कारखान्यातून तासाभराची सुटी घेऊन आले होते. शर्टाला कापूस चिकटलेला तसाच होता. आई खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, “दही खाऊ नको, घसा धरतो तुझा.” बस हलली तसे अण्णा म्हणाले, “इकडचं आम्ही बघतो. तू तिकडचं बघ.” मी त्यांचं ऐकलं. तिकडचंच बघत राहिलो.

तिकडचं म्हणजे विद्यापीठ, संख्याशास्त्राचं एम.एस्सी. आणि तिसऱ्या मजल्यावरची वसतिगृहाची खोली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आमच्या कॉलेजात संगणकाचं प्रात्यक्षिक म्हणजे सर बटण दाबायचे आणि आम्ही चौघांनी मागून पडद्याकडे बघायचं. इथे पहिल्याच आठवड्यात मॅडमनी प्रोग्राम लिहून आणायला सांगितला आणि मी संध्याकाळपर्यंत कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिलो. माझा रूममेट महेश करीमनगरचा. त्याने आपला लॅपटॉप मला वापरू दिला, चुका दाखवल्या, आणि एकदाही हसला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सुट्टीतही प्रोजेक्टच्या कामामुळे मी गावाकडे गेलो नाही. फोन मात्र रोज असे. व्हिडिओ कॉलवर आईला फोन कधी नीट धरता आला नाही. तिचं कपाळ आणि वरचं काहीतरी अंधुक, एवढंच मला दिसायचं. माझ्या फोनची काचही फुटलेली होती. मी हैदराबादी बोलायला शिकलो होतो, दर वाक्याला ‘हो’च्या जागी “हौ” म्हणायचो. पुढे पुढे आईही “हौ, हौ” म्हणू लागली. मला वाटलं, माझी नक्कल करतेय.

शिष्यवृत्ती जमा झाली आणि महेशला सोबत नेऊन मी कोठी भागातल्या दुकानातून लॅपटॉप घेतला. पहिला कॉल घरी करायचा, हे ठरलेलंच होतं. रविवारची सकाळ होती. शेजारी महेश चहा पीत बसला होता. आईने नेहमीसारखा फोन तिरपा धरला आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर आमच्या घराचं छत आलं.

ते आमचं छत नव्हतं. आमच्या जिनिंगच्या क्वार्टरला पत्रे होते. हे सिमेंटचं होतं, एका बाजूला उतरत गेलेलं, दातेरी. पायऱ्या खालून बघाव्यात तसं.

“दिसायलास की रे केवढा!” आई हरखून म्हणत होती.

तेवढ्यात तिच्यामागून कुणीतरी तेलुगूत ओरडलं, “वॉचमन! मोटर बंद चेय!” आणि अण्णांचा आवाज आला, “हौ अम्मा, करतूं.”

महेशने कप खाली ठेवला. “अरे,” तो म्हणाला, “ये तो हैदराबाद है.”

“आई, कुठं आहेस तू?”

फोन हलला आणि अण्णा पडद्यावर आले. अंगात निळा गणवेश. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “हिमायतनगरला, हैदराबादेतच,” ते म्हणाले. “जिनिंग विकलं मालकानं. क्वार्टर पाडले. आज येऊ नको, अभ्यास कर.”

मी सांगू शकत नाही मला काय वाटलं. राग नव्हता, रडू नव्हतं. ज्या घराची आठवण काढत मी रोज झोपत होतो, ते जागेवर नव्हतंच. आणि ज्यांच्यासाठी जीव तुटत होता ती माणसं माझ्याच शहरात, सिटी बसने जाता येईल एवढ्या अंतरावर राहत होती.

मी तसाच निघालो. खांद्यावर बॅग होती हे बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं. महेशने आईला फोन करून पत्ता काढून दिला होता; त्या इमारतीपाशी पोचलो तेव्हा एक माणूस पाठमोरा वाकून गाडी पुसत होता. गेटचा आवाज ऐकून, वर न बघताच त्याने विचारलं,

“किसके घरकू जाना साब?”

माझ्या बापाने मला साहेब म्हटलं होतं. “अण्णा,” मी म्हणालो. ते वळले. हातातलं फडकं त्यांनी पाठीमागे धरलं.

जिन्याखाली एक खाट, स्टोव्ह, आणि आईने भिंतीला टेकवून ठेवलेले देव. डोक्यावरून माणसं जात होती, त्यांच्या पावलांनी बोलणं मध्येच तुटत होतं.

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू धावत आला असतास,” अण्णा म्हणाले. “वसतिगृह सोडलं असतंस, माझ्या जागी गेटवर बसला असतास. ओळखतो मी तुला. आणि पोरांत तुझी मान खाली...”

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरल्या. त्यांनी मला बघितलं. “कौन है ये?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं फक्त. सांगायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

“मैं इनका बेटा,” मी म्हणालो. “एम.एस्सी. करता हूँ, यहींच.”

“अरे! इतना बड़ा बेटा, और तुम कभी बोले नहीं?”

“बोलता तो किसकू सच लगता अम्मा?” अण्णा म्हणाले.

बाई गेल्यावर आईने भाकरी थापता थापता टोमणा मारला, “देगलुरात पानटपरीवाल्याला धरून सांगायचे, पोरगं हैदराबादला शिकायलंय. इथंच तोंड शिवलं होतं.” अण्णा हसले. मग मीही हसलो, आणि हसता हसताच मला रडू आलं.

मुक्काम करायचा नाही, ही अण्णांची अट मी पाळतो. “इथं उजेड नाही, पुस्तकं तिकडंच बरी,” असं म्हणून ते मला दिवस असतानाच परत पाठवतात. दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं, सगळे आपापल्या गावाला गेले. देगलुरात आता आमचं दार नाही. गावाकडच्या मित्रांनो, तुम्ही विचारता, घरी कधी येणार? मला अजून नीट उत्तर देता येत नाही. मी त्यांना मागे ठेवून आलो असं समजत होतो. ती दोघंही निघाली होती, आणि त्यांना निरोप द्यायला स्टँडवर कुणी नव्हतं. हे मला अजून पचत नाही. मी घर म्हणतो ते आता बहुतेक त्या दोघांनाच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र अण्णांनी मला थांबू दिलं. गेटपाशी मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रोजेक्ट लिहीत बसलो होतो. बाहेर हॉर्न वाजला. मी अर्धा उठलो.

खांद्यावर अण्णांचा हात पडला. “तू बस,” ते म्हणाले, आणि गेट उघडायला गेले.