पिवळी पडलेली नळी

कोल्हारजवळच्या एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. तिथल्या मॅनेजरवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

पाश्चराइज केलेल्या दुधाची शेवटची चाचणी माझ्याकडे असायची. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम असतं. दूध पुरेसं तापलं की ते निकामी होतं, आणि तोवर रोगजंतूही मेलेले असतात. ते खरंच निकामी झालं का, हे बघायला काचेच्या नळीतल्या दुधात फॉस्फेट एस्टर नावाचं एक रसायन घालायचं आणि नळी कोमट पाण्यात ठेवायची. हा एस्टर भलता चिवट. नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षं पडून राहील, पण तुटायचं नाव घेणार नाही. एन्झाइम शाबूत असेल तर मात्र तेच पाणी एन्झाइमच्या मदतीने त्याचा फॉस्फेट तोडून वेगळा करतं आणि उरलेल्या भागाच्या रंगाने नळी पिवळी पडते. पिवळी म्हणजे दूध नीट तापलेलं नाही. यात कुणाच्या मताला जागा नाही.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी नळी हळदीसारखी पिवळी पडली. मी पुन्हा चाचणी केली, पुन्हा तेच. पिशव्या भरणं थांबवा, दूध परत तापवा, असं सांगायला मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्याने नळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मॅडम, आपल्याकडं कच्चं दूध कोन पितंय? पिशवी फोडली की बाया पयलं उकळायलाच ठिवत्यात. तुमी उगं लई ताणता."

माझं डोकंच फिरलं. दूध उतू जाऊ नये म्हणून घरोघरच्या बायका गॅसपाशी ताटकळतात, आणि त्यांच्या जिवावर हा बाबा प्लांट चालवणार. स्टँडवरचा मिल्कशेकवाला आपल्याच प्लांटची पिशवी फोडून थेट मिक्सरमध्ये ओततो, शाळेतली पोरं ते पितात, हे मी त्याला सांगितलं. तो मोबाईलवर बोट फिरवत राहिला.

मी बाहेर गेले, त्याच टाकीतलं ग्लासभर दूध आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"प्या साहेब. काही होत नाही ना?"

त्याने ग्लास बाजूला सरकवला. मग त्याने बेल मारून शिपायाला बोलावलं.

"हे जरा उकळून आन. साखर टाक."

शिपाई ग्लास घेऊन गेला. रिपोर्टवर मी सही केली नव्हती, तरी बाहेर पिशव्यांचा टेम्पो स्टँडकडे निघाला.