चार चित्रं आणि एक लाल फुली

पडद्यावर चार चित्रं आली. भात, मासा, खेकडा, उंदीर. त्यांतलं वेगळं ओळखून त्यावर बोट ठेवायचं होतं. मी भातावर ठेवलं. लाल फुली आली.

सराव घेणाऱ्या मॅडम हसल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाल्या, "कातकरी आहे. डोक्याला मार नसता लागला तरी हिचं हेच आलं असतं."

पेणला रामवाडीतल्या केंद्रातली ही गोष्ट. खांब गावाजवळ कामगारांचा टेम्पो उलटला, त्यात माझं डोकं फुटलं. नंतर शब्द सापडेनात. चुलीवर ठेवलेलं विसरायला होई. म्हणून दर आठवड्याला रोह्याहून येऊन कॉम्प्युटरवर मेंदूचा सराव. गुण पुरेसे झाले की कामाला ठीक असल्याचा कागद. तो दाखवला की कंपनीत पुन्हा पॅकिंगची शिफ्ट.

तोवर प्रत्येक लाल फुली मी मुकाट घेतली होती. चूक माझ्याच डोक्याची, असं धरून चालले होते. त्या दिवशी परतताना एसटीत चारही चित्रं पुन्हा आठवली. मासा आम्ही नदीत धरतो. खेकडा बिळातून काढतो. कापणी झाली की शेतातला उंदीर खणून काढतो, भाजतो. भात मात्र दुसऱ्याच्या शेतात राबल्यावर मिळतो. भातच वेगळा. अपघातानंतर एक विचार मी पहिल्यांदा शेवटापर्यंत नेला होता.

पुढच्या आठवड्यात तीच चित्रं आली. मागे आई उभी होती. वाकून हळूच म्हणाली, "उंदरावर ठेव गो. कागद मिळंल."

पडद्यावर सेकंद कमी होत होते. त्यांना हवं असलेलं उत्तर मला माहीत होतं. उंदीर त्यांच्या खाण्यातला नव्हता. मी भातावर बोट ठेवलं. लाल फुली.

मी मॅडमना कारण सांगितलं. सावकाश, एकही शब्द न अडखळता. मग म्हणाले, "हे मार लागल्यामुळं नाय. तसं लिहा."

त्यांनी लिहिलं. अहवाल माझ्यापुढे सरकवला. बाकीचे गुण जेमतेम पुरत होते. सही केली की कागद मिळणार होता. आईने पेन माझ्या हातात दिलं. मी शेरा बोट ठेवून वाचला. 'मुळातच समज कमी.'

पेन टेबलावर ठेवलं.

शिफ्ट अजून मिळालेली नाही. आई माझ्याशी बोलत नाही. मी दर आठवड्याला जाते. तो अहवाल माझ्यापुढे येतो, तसाच परत जातो. माझं डोकं टेम्पोखाली फुटलं, तेवढं लिहा. जन्मावर मारलेल्या फुलीखाली माझी सही होणार नाही.