काकांचा चौदावा पॉइंट

देवाने ही पृथ्वी यादीवर टिक करता यावी म्हणूनच निर्माण केली, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो कॅनडातल्या रेजिनात आमच्या शेजारी राहतो. सरकारी रस्तेखात्यातून रिटायर झालेले हे काका मूळचे साताऱ्याचे. लहानपणी त्यांनी महाबळेश्वर पाहिलं ते पॉइंट मोजत, आणि तेव्हापासून जगात कुठेही गेले तरी त्यांना डोंगर, दरी, तळं असं काही दिसतच नाही, फक्त पॉइंट दिसतात. एका पॉइंटला बारा मिनिटं, त्यातच फोटो. एकदा माझी बायको वॉशरूम शोधायला लागली, तर म्हणाले, "आता होल्ड कर. पुढच्या पॉइंटला फॅसिलिटी आहे."

काकू वेंगुर्ल्याच्या. समुद्रावर वाढलेली ही मुलगी लग्न होऊन आली ती अशा गावी, जिथून सगळ्यात जवळचा समुद्र गाडीने दोन दिवसांवर. चाळीस वर्षांत त्यांनी कधी तक्रार केली नाही. मागच्या विंटरला आम्ही चौघं एका चिमुकल्या कॅरिबियन बेटावर निघालो तेव्हा मात्र विमानातच माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला काही बघायचं नाही गं. नुसतं समुद्रात पाय सोडून बसायचंय." काकांच्या यादीत चौदा पॉइंट होते. ज्वालामुखीचं विवर होतं, समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके होते, कासवांचा किनारा होता. बसणं कुठेच नव्हतं. गंधकाच्या उकळत्या झऱ्यांपाशी काका नाक दाबून म्हणाले, "वास घेऊन झाला, चला." असे तेरा पॉइंट उरकले. उरला एक धबधबा. शेवटच्या दिवशी तिकडे जाताना टॅक्सीवाल्याने शहाळी घ्यायला किनाऱ्यावर गाडी थांबवली, आणि काकू उतरल्या त्या सरळ जाऊन पाण्यात बसल्या, सलवार-कमीजसकट. काकांनी घड्याळ दाखवलं. "तुम्ही जाऊन या," काकू शांतपणे म्हणाल्या, "मी इथेच आहे." काका बराच वेळ एकदा यादीकडे, एकदा काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले आणि शेजारी जाऊन बसले. धबधबा राहिला. परत आल्यावर भेटेल त्याला सांगायचे, "हिच्यामुळे एक पॉइंट मिस झाला."

या विंटरला काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. परवा ग्रोसरीला जाताना गावातल्या तळ्याकाठी मला काकांची गाडी दिसली. हीटर लावून दोघं समोरच्या गोठलेल्या तळ्याकडे बघत बसले होते. मी काच ठोठावली आणि सवयीने विचारलं, "काका, हा कुठला पॉइंट?"

"पॉइंट कसला रे. हिला पाणी बघायचं होतं."

"बर्फ आहे हो सगळा," काकू हसून म्हणाल्या.

"खाली पाणीच आहे," काका म्हणाले. "आणि तो धबधबा राहिलाय आपला. तू बरी हो, मग जाऊ."

"बघू," काकू म्हणाल्या.

मी ग्रोसरीला निघालो. तासाभराने पिशव्या घेऊन परत येताना पाहिलं, तर गाडी अजून तिथेच होती. बारा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.